बाहेरची हार्ड डिस्क लावली की बाबांचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही (इंदूर)

नमस्कार मंडळी,
इंदूरला रामबागेत बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. यूएसबी हार्ड डिस्क लावलेली असली, की बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहते. डिस्क काढली की सगळं सुरळीत. विंडोज आल्यावर तीच डिस्क लावली तर फायलीही दिसतात. दुकानदार म्हणतो, विंडोज नव्याने टाकावं लागेल. डिस्कवर आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही. बाबा फार काळजीत आहेत. फोनवर त्यांना काय सांगू?
– टोरोंटोहून

ताई,
विंडोजला कुणाला हात लावू देऊ नका. डिस्क काढल्यावर मशीन नीट चालतं, म्हणजे विंडोज ठणठणीत आहे.

विंडोजच्या आधी बायोस, म्हणजे मशीनच्या आतच बसवलेला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, जागा होतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क तपासतो. त्या क्रमात यूएसबी वर असेल, तर तो बाहेरच्या डिस्कवर विंडोज शोधतो. तिथे ओव्या आहेत, विंडोज नाही. काही मशीन मग पुढच्या डिस्ककडे वळतात, जुनी पुष्कळदा तिथेच अडकतात.

बाबांना सांगा, मशीन चालू करताक्षणी डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. निळं-करडं पान आलं की ‘बूट’मध्ये आतली डिस्क सर्वांत वर आणायची आणि सेव्ह करून बाहेर पडायचं. त्या पानाचा फोटो पाठवला तर नेमकं सांगता येईल.

आणि एक विचारा: कॉम्प्युटरमधलं घड्याळ बरोबर आहे का?
– राजेंद्रनगर, इंदूर (आता कायमचा इथेच)

ताई, डिस्कमधून टकटक आवाज येतो का, तेही विचारा. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, ३.० मधून ९००. छोट्या डिस्कला फिरायला सुरुवात करताना तेवढे कमी पडू शकतात. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून पाहायला सांगा. टकटक असेल तर ‘चेकडिस्क’ (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम) वगैरे अजिबात चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर त्याने आणखी ताण येतो. आधी जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवून घ्या.
– मेलबर्न

आवाज काही नाही. पण घड्याळ २००९ साल दाखवतंय! बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. क्रम काल बदलला, आज सकाळी पुन्हा तेच.
– टोरोंटोहून

ताई, मग उलगडा झाला. मदरबोर्डवर, म्हणजे कॅबिनेटच्या आतल्या मुख्य बोर्डावर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की भिंतीवरचं बटण बंद होताच बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यातला क्रम परत येतो. बाबांच्या मशीनवर त्यात यूएसबी वर असणार. एवढ्यासाठी विंडोज उडवायला निघाले होते, याचा मला खरंच राग येतो. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या फायली असतात हो त्यात!

सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. वायर काढूनच बदलायचा. क्रम त्यानंतर लावायचा, आधी लावला तर पुन्हा पुसला जाईल. आणि या वेळी बाहेरची डिस्क लावून ठेवूनच बायोस उघडा. जुन्या बोर्डांवर यूएसबी डिस्क ‘हार्ड डिस्क’ या गटातच मोजली जाते. त्या गटाच्या आत वेगळी यादी असते आणि डिस्क जोडलेली असेल तरच तिचं नाव तिथे दिसतं. त्या यादीतही आतली डिस्क वर हवी.

मी उद्या संध्याकाळी रामबागेत चक्कर टाकतो. बाबांना कॅबिनेट उघडायला लावू नका.
– राजेंद्रनगर, इंदूर

काका, झालं! डिस्क लावलेली असतानाही थेट विंडोज आलं. बाबांनी लगेच फोनवर एक ओवी ऐकवली. सिल्व्हर मॉलमधून दुसरी डिस्क आणून कॉपी करायला घेतलीय. तुमचे आभार कसे मानू?
– टोरोंटोहून

आभार राहू द्या. कॉपी झाली की दोन-चार फायली नव्या डिस्कवरून उघडून, वाजवून बघायला सांगा, आकडा जुळला एवढ्यावर थांबू नका. आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात नकोत. एक माझ्याकडे राजेंद्रनगरला ठेवली तरी चालेल.
– राजेंद्रनगर, इंदूर