"फोन दिलाच कशाला?" हो, मीच दिला. बोला आता.

सोनचाफा
काल वाचनाच्या धाग्यावर गोदाकाठ यांनी एका आईला ठणकावलं: "गोष्टींच्या अ‍ॅपवरून गळे काढणाऱ्यांनी आधी सांगावं, फोन दिलाच कशाला? आणि अ‍ॅपवर वय लिहिलेलं असतं, ते वाचता येत नाही?" त्यावर चौदा जणांचे अंगठे. ती आई मी नव्हते, पण डोकं फिरलं ते फिरलंच. म्हणून हे लांबलचक.

फोन मीच दिला. मी अंबडला कामाला, नवरा ओझरला, घर इंदिरानगरला. लेक आठवीत. शाळेची सूचना ग्रुपवर, गृहपाठ ग्रुपवर, रिक्षावाले काका उशिरा येणार तेही फोनवर. फोन न देता हे कसं निभवायचं ते कुणी शिकवणार असेल तर फी भरते.

वयही वाचलं होतं. १२+ होतं. लेक १३ वर्षांची. निर्धास्तपणे 'इन्स्टॉल' दाबलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोष्ट वाचत जायची, मध्येच नायिकेपुढे दोन-तीन पर्याय येतात, तिनं काय करायचं ते आपण ठरवायचं. काही पर्याय फुकट, काही हिऱ्यांचे. हिरे संपले की पैसे. हिरे कसल्या पर्यायांना लागत असतील ते तुम्हीच ओळखा.

महिनाअखेरीला ६३७ रुपये गेलेले दिसले तेव्हा उघडून बघितलं. नायक म्हणजे नायिकेचा बॉस. तो तिला फार्महाऊसवर नेतो, तिचा मोबाइल काढून घेतो, दाराला बाहेरून कडी लावतो आणि पडद्यावर बदाम उडतात. कारण हे प्रेम आहे! पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'नियमभंग आढळला नाही'. त्याच गोष्टीत बॉसच्या बोटांतली सिगारेट मात्र धूसर केलेली.

आता सांगा, नक्की काय वाचता आलं नाही मला?

गोदाकाठ
तो मीच. शब्द मागे घेत नाही.

३४ वर्षं पंचवटीत शिकवलं. मुलं बाकाखाली काय वाचतात हे मला नवीन नाही. पण तेव्हा लपवायला कष्ट पडायचे. वाचनालयातला माणूस पोराचं तोंड बघायचा, पुस्तक उलटंपालटं करायचा आणि म्हणायचा, "हे बाबांना न्यायला सांग." काय वाचायला द्यायचं, काय अडवायचं, तुम्ही ज्याला मॉडरेशन म्हणता ते काउंटरवर, समोरासमोर, फुकट व्हायचं. नाशिकला १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. किती आया मुलांना घेऊन तिथे जातात?

झणझणीत
सर, सीबीएस बसस्टँडजवळच्या स्टॉलवरचा माणूसही तोंड बघायचा. बघून पिवळं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. मी नववीत होतो. समोरासमोर, पण फुकट नाही.

काळा कोट
वयाबद्दल एक गैरसमज काढतो, मग भांडा.

ते १२+ सरकारनं दिलेलं नसतं. प्ले स्टोअरवरचं वयाचं लेबल आयएआरसी नावाच्या पद्धतीतून येतं. अ‍ॅप बनवणारा स्वतःच प्रश्नावली भरतो, हिंसा आहे का, जुगार आहे का, शिव्या आहेत का, आणि त्या उत्तरांवरून लेबल निघतं. उद्या आत कुणी काय गोष्ट लिहील ते त्यात कुठून येणार? सेन्सॉरचं सर्टिफिकेट समजून ते वाचणं म्हणजे द्राक्षाच्या पेटीवरचा वरचा थर बघून माल उचलणं.

ओटीटीला २०२१ च्या नियमांत यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी तरी आहे. लोकांनी लिहिलेल्या गोष्टी ठेवणारं अ‍ॅप मात्र 'आम्ही नुसते मध्यस्थ' म्हणत आयटी कायद्याच्या कलम ७९ मागे उभं राहतं. मुलांना अश्लील मजकूर देणं न्याय संहितेच्या कलम २९५ खाली गुन्हा आहे खरा. पण दाराला कडी लावणं कायद्याच्या भाषेत अश्लील नाही. किळसवाणं आहे, अश्लील नाही. ती फट आहे आणि बॉसलोक बरोबर त्या फटीतून आत येतात.

सोनचाफा
मग आईबापांच्या संमतीचा तो कायदा झाला म्हणतात, त्याचं काय?

काळा कोट
डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत. म्हणजे २०२७. आपले रस्ते आणि हा कायदा, दोन्ही कुंभाच्या तोंडावर. आणि तो माहितीबद्दल आहे, गोष्टीत काय आहे याबद्दल नाही.

कोरी पाटी
मी १९ वर्षांची, कॉलेज रोडला शिकते आणि अशाच एका अ‍ॅपवर मराठीत लिहिते. सगळे वाचणाऱ्यांबद्दल बोलताय, लिहिणाऱ्यांचंही ऐका.

माझ्या गोष्टीत सहावीतल्या मुलीला शाळेत पहिल्यांदा पाळी येते आणि ती स्वेटर कमरेला बांधून घरी जाते. एवढंच. दोन भाग गेले, तिसरा 'संवेदनशील मजकूर' म्हणून काढला. विनंती केली, उत्तर यंत्रानंच दिलं. त्याच आठवड्यात पहिल्या पानावर कोणती गोष्ट होती? डॉन मुलीला पळवतो, लग्न लावतो, तिसऱ्या भागात ती त्याला डबा देते. लाखांनी वाचन.

एवढं शिकले की 'रक्त' लिहायचं नाही. 'लाल डाग' चालतं.

गोदाकाठ
सहावीतल्या मुलीबद्दल जाहीर लिहायची गरज आहे का, हाही प्रश्न आहे.

कोरी पाटी
आहे. कारण त्या दिवशी वर्गावरचे सर म्हणाले होते, "स्वेटर नीट घाल."

काळा कोट
सर, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्याचं मासिक चालवलं. लोक लाजत लाजत प्रश्न पाठवायचे, ते उत्तरं छापायचे. खटले कुणावर झाले? त्यांच्यावर. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे होते. माहिती देणारा आरोपीच्या पिंजऱ्यात, चघळायला देणारा बाजारात. अ‍ॅपनं यात नवीन काही केलेलं नाही.

रात्रपाळी
बरेच दिवस नुसता वाचतो. आज लिहितो, कारण पलीकडच्या, मजकूर तपासणाऱ्याच्या खुर्चीत मी बसलोय. पुण्यात दोन वर्षं, कंपनीचं नाव विचारू नका.

रांगेत मजकूर येतो. एका मजकुराला जेमतेम अर्धं मिनिट. अख्खी गोष्ट कोण वाचतो? यंत्रानं पिवळा केलेला शब्द आणि त्याच्या मागेपुढे दोन ओळी. सिगारेटची यादी आहे, रक्ताची आहे, अवयवांची आहे. 'दाराला कडी लावली' याची यादी नाही, कारण त्यात वाईट शब्दच नाही. मराठी शिवी रोमन अक्षरांत लिहिली की यंत्राच्या बापाला कळत नाही. आमच्या गटात मराठी वाचणारे आम्ही दोघंच, आणि दुसऱ्याची सुट्टी रविवारी. रविवारी काय काय सुटलं ते मलाच ठाऊक.

तुमच्या तक्रारीला आलेलं उत्तर माणसानं लिहिलं असेल या भ्रमात राहू नका, ताई. आणि माणसानं लिहिलं असेल तर तो पहाटे चारला बसलेला माझ्यासारखा कुणीतरी होता. त्याला शिव्या घालायच्या तर घाला.

माय मराठी
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. मुलगी कोणत्या भाषेत वाचत होती? इंग्रजीतच ना? मराठी शाळेतली पोरं हे असलं वाचत नाहीत. माध्यम बदललं की संस्कार बदलतात.

झणझणीत
आले! मी मराठी माध्यमाचाच. पिवळं पुस्तक शुद्ध मराठीत होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडल्या तर.

माय मराठी
थट्टा करा. माझ्या सोसायटीत एकतीस मुलं आहेत, त्यांतल्या चौघांना पाढे मराठीत येतात. 'एकोणऐंशी' म्हटलं की गुगल करतात.

गोदाकाठ
हे मात्र खरं आहे. आमच्या शाळेच्या दोन तुकड्या बंद झाल्या. वर्ग रिकामे, बाक तसेच. मराठी वाचणारं मूल मला आता भेटत नाही हो.

झणझणीत
सर, एक विचारू? नातवंडं कोणत्या शाळेत?

गोदाकाठ
तो निर्णय मुलाचा आणि सुनेचा आहे.

झणझणीत
मग फोनचा निर्णय सोनचाफाताईंचा. विषय संपला.

माय मराठी
विषय कसा संपला? सरकारी नोकरीवाल्यांची मुलं आधी मराठी शाळेत घाला, मग...

कोरी पाटी
मी मराठी माध्यमातली आहे. मराठीत लिहिते. माझीच गोष्ट काढली. माध्यमाचं तुमचं गणित या धाग्यात कुठे बसतं ते सांगाल का?

माय मराठी
अपवादानं नियम सिद्ध होतो. आणि खरं बोलायचं तर आई दिवसभर अंबडला, मुलगी एकटी घरी, मग ती अ‍ॅपवर जाणार नाही तर काय? घरात मोठं माणूस असतं तर ही वेळ आली नसती.

सोनचाफा
झालं! वाटच बघत होते. वडील ओझरला असतात हेही मी लिहिलं होतं. ते तुमच्या डोळ्यांना नाही दिसलं?

घरी मोठं माणूस होतं. सासूबाई. त्यांना वाटायचं नात अभ्यास करतेय, कारण मान खाली असायची. त्यांच्या पिढीत मान खाली म्हणजे गुणी मुलगी.

रात्रपाळी
माय मराठी, तुमचा प्रतिसाद माझ्या रांगेत आला असता तर पास झाला असता. एकही वाईट शब्द नाही.

गोदाकाठ
माय मराठी, आईच्या नोकरीवर जाऊ नका. मी फोनबद्दल बोललो, नोकरीबद्दल नाही. माझी बायको एसटीत होती, पोरांना शेजारच्या काकूंनी वाढवलं. सोनचाफा, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफी, पण ती त्यांच्या वतीनं. माझ्या वतीनं नाही.

सोनचाफा
उपकार झाले.

काळा कोट
कामाचं बोलू. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. गुगलच्या फॅमिली लिंक अ‍ॅपमध्ये मुलाच्या खात्याची खरेदी तुमच्या मंजुरीवर ठेवता येते. खरेदीचा इतिहासही दिसतो, तारीखवार.

सोनचाफा
दोन दिवसांनी लिहितेय.

खरेदीचा इतिहास काढला. लेकीला शेजारी बसवलं आणि एकेक खरेदी कुठे खर्च झाली ते विचारलं. मला वाटत होतं तेच तुम्हा सगळ्यांनाही वाटत असणार. मी तर तिच्याकडे बघत पण नव्हते, पडद्याकडेच बघत होते.

तिनं ती गोष्ट परत उघडून दाखवली. फार्महाऊसचा प्रसंग. तीन पर्याय. 'गप्प राहा.' फुकट. 'हसून विषय बदल.' फुकट. 'दार उघडायला सांग आणि निघून जा.' १८ हिरे.

ती दर वेळी तिसरा घेत होती. पुढच्या भागात तो पुन्हा येतो, पुन्हा कडी लावतो, पुन्हा १८. ६३७ रुपये तिथे गेले.

"तिला जायचं होतं गं," म्हणाली.

झणझणीत
यावर मला विनोद सुचत नाहीये.

रात्रपाळी
आमच्याकडे गोष्टीचा मजकूर येतो. पर्यायांची किंमत कधीच दिसत नाही.

गोदाकाठ
निघून जायला पैसे?

हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

सोनचाफा
पहिल्या दिवशी मलाही माहीत नव्हतं, सर. तिला विचारलंच नव्हतं. तुम्ही सांगता तेच केलं होतं, फोन काढून घेतला होता.