शैक्षणिक कर्ज फिटले; जामीन राहिलेल्या काकाजींचे आभार कसे मानावेत?

प्रश्न: काटोलची लेक, मनीषनगर

नमस्कार. मी मूळची काटोल तालुक्यातील असून शिक्षण संपल्यापासून नागपुरातच नोकरी करते. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी काढलेल्या सहा लाखांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या महिन्यात माझ्या खात्यातून गेला. आमची संत्र्याची बाग आहे. परंतु ज्या वर्षी मला प्रवेश मिळाला, त्याच वर्षी आंबिया बहराची इतकी फळगळ झाली होती की बाबांच्या हातात रोख रक्कम जवळजवळ नव्हतीच. बँकेने बाहेरच्या व्यक्तीची हमी मागितली तेव्हा काही नातेवाइकांनी विचार करून कळवतो असे सांगितले आणि पुढे कोणी काही कळवले नाही. बाबांचे एक स्नेही, जे तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि ज्यांना मी लहानपणापासून काकाजी म्हणते, ते स्वतःहून बँकेत आले आणि जामीन म्हणून सही करून गेले. त्यांच्या स्वतःच्या मुलांची शिक्षणे तेव्हा व्हायची होती. त्यानंतर इतक्या वर्षांत, हप्ते वेळेवर जातात ना, एवढेसुद्धा त्यांनी मला कधी विचारले नाही. आता ते निवृत्त झाले आहेत आणि काटोललाच असतात.

माझी अडचण अशी आहे की बारसे, लग्न, वास्तुशांत यांच्यासाठी आपल्याकडे ठरलेल्या रीती आहेत; कोणाला बोलवायचे, कोणाच्या पाया पडायचे आणि कोणाला काय द्यायचे, हे घरातल्या मोठ्या माणसांना पाठ असते. आमच्या वयात प्रत्यक्षात येणाऱ्या टप्प्यांना मात्र अशी कोणतीच रीत नाही. स्वतःच्या नावावर पहिला भाडेकरार नोंदवला जातो, आईबाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पहिल्यांदा आपल्या पगारातून भरला जातो, आईला उज्ज्वलनगरहून मेट्रोने सीताबर्डीला नेऊन तिच्या पसंतीची साडी घेता येते, आणि आता हे कर्ज फिटले. यांतली प्रत्येक गोष्ट माझ्यासाठी मोठी आहे आणि प्रत्येकीच्या मागे कोणाचे तरी उपकार आहेत. फुटाळ्यावर मैत्रिणींसोबत आनंद साजरा होईलच, पण तेवढ्याने माझे समाधान होणार नाही. बाबांचा विचार काकाजींना पाकिटात काही रक्कम द्यावी असा आहे. मला ते बरोबर वाटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही. ज्यांनी असे काही अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर

सर्वप्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. मी सेवेत असताना कर्जविभागात बराच काळ काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे कागदपत्रांकडे झुकणारे असेल. परंतु जामीनदाराचे आभार मानण्याची सुरुवात कागदापासूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

काकाजींनी त्या दिवशी नेमके काय दिले, हे आधी लक्षात घ्या. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमचे हप्ते थकले असते तर बँकेला संपूर्ण रक्कम काकाजींकडे मागता आली असती. शिवाय अशी हमी जामीनदाराच्या स्वतःच्या पतअहवालातही, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमध्येही, दिसते. मधल्या काळात त्यांनी आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागितले असते, तर बँकेने तुमच्या कर्जाची हमीही हिशेबात धरली असती. म्हणजे त्यांनी सही एकदाच केली असली तरी त्या सहीचा भार तुमचा शेवटचा हप्ता जाईपर्यंत त्यांच्यावर होता. म्हणून तो भार उतरल्याचा लेखी पुरावा त्यांच्या हाती देणे, हे तुमचे पहिले काम आहे.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे खाते आपोआप बंद झाले, असे गृहीत धरू नका. व्याजाची आकारणी रोजच्या शिलकीवर होत असल्याने कधीकधी काही रुपये येणे राहतात आणि त्यामुळे खाते चालूच दिसते. शाखेत जाऊन खाते बंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि ‘कोणतेही येणे बाकी नाही’ असा दाखला घ्या. जामीनदाराची हमी संपुष्टात आल्याचा स्पष्ट उल्लेख त्या दाखल्यात किंवा वेगळ्या पत्रात मागा आणि त्यात काकाजींचे नाव पूर्ण व अचूक लिहिले आहे ना, हे तिथेच तपासा. हप्ता वळता करण्यासाठी खात्याला दिलेली कायमची सूचनाही रद्द करून घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा इतर कागद बँकेकडे ठेवले असतील तर तेही परत मागा. तुमच्या बाबतीत लागू नसेल, पण इतर वाचकांसाठी लिहितो: घराचे किंवा शेतीचे मूळ दस्तऐवज तारण ठेवले असतील, तर कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांच्या आत ते परत करणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या या नियमानुसार, बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी लागते.

साधारण दोन महिन्यांनी तुमचा पतअहवाल काढून पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण स्वरूपात विनामूल्य मिळतो. काकाजींची हरकत नसेल तर त्यांच्यासोबत बसून त्यांचाही अहवाल काढा आणि त्यात हे कर्ज बंद दिसते का, ते तपासा. निवृत्त माणसाला मोबाइलवरून हे सारे एकट्याने करणे जड जाते. तुम्ही ते करून दिलेत, तर त्याहून नेमके आभार मला तरी सुचत नाहीत.

उत्तर २: माजी शिक्षिका, महाल

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरे वाटले. वरच्या उत्तरातला कागदाचा मुद्दा मला पूर्ण पटला. मी फक्त भेटीविषयी लिहिते.

पाकीट देऊ नये, हे तुझे मन तुला बरोबर सांगत आहे. काकाजींनी जोखीम घेतली ती तुझ्या बाबांवरच्या स्नेहापोटी आणि तुझ्यावरच्या विश्वासापोटी. तिच्या बदल्यात रोख रक्कम पुढे केली तर त्या स्नेहाला मोबदल्याचे रूप येते, आणि ते घेणाऱ्यालाही अवघड होते आणि नाकारणाऱ्यालाही. तुझ्या बाबांचा हेतू चांगलाच आहे. ज्या वर्षी आपल्या हातात काही नव्हते, त्या वर्षाची सल त्यांच्या मनात असणार आणि म्हणून त्यांना काहीतरी ठोस द्यावेसे वाटत असणार. तेव्हा त्यांना नुसते नको म्हणू नकोस, त्यांच्या हातून देण्यासारखे दुसरे काही सुचव. तुमच्या बागेतील आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतात. त्यांतली निवडक फळे बाबांनी स्वतः त्यांच्या घरी पोहोचवावीत. ज्या बागेने त्या वर्षी दगा दिला, तिचीच फळे त्या घरात जाणे त्या दोघा मित्रांना न सांगता कळेल.

भेटीला मात्र दिवाळीपर्यंत थांबू नकोस. पुढे दसऱ्याला सोने द्यायला जाशीलच, पण त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी माणसांची ये-जा असते आणि निवांत बोलणे होत नाही. दाखला हाती आला की आईबाबांना घेऊन जा, पाया पड आणि बोल. आमच्या वेळी मोठ्यांसमोर मन मोकळे करण्याची पद्धत नव्हती. नमस्कार केला की सारे पोहोचले असे मानत. माझ्या अनुभवाने सांगते, सगळे पोहोचत नाही. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर अनेक विद्यार्थी भेटायला आले आणि ‘तुमच्यामुळेच घडलो’ असे म्हणाले. त्याचा आनंद झालाच, पण एका मुलीने मला सांगितले की सातवीत असताना मी तिला वर्गाच्या वाचनालयाची किल्ली सांभाळायला दिली होती आणि त्यामुळे आपल्यावर कोणी विश्वास टाकू शकते, हे तिला पहिल्यांदा कळले. मला ती गोष्ट आठवतही नव्हती. तिने सांगितली म्हणून ती माझी झाली. तूही काकाजींना असेच नेमके सांग. त्यांच्या सहीमुळे कोणत्या महाविद्यालयात जाता आले, त्यामुळे कोणते काम हाती आले, त्या पगारातून आईबाबांचा विमा कसा निघाला, हे सगळे त्यांच्यासमोर बोल. शिक्षक माणूस आहेत, त्यांना तपशील आवडेल.

आणि काकूंना विसरू नकोस. नवऱ्याने दुसऱ्याच्या मुलीसाठी सहा लाखांच्या कागदावर सही केली तेव्हा स्वतःच्या मुलांची काळजी त्या माउलीलाही वाटलीच असणार. तिचे आभार वेगळे आणि तिच्याजवळ बसून मान.

उत्तर ३: अभ्यासिकेतला मुलगा, इंदोरा

ताई, अभिनंदन. मी तुमच्याहून लहान आहे आणि अजून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आहे, त्यामुळे माझा टप्पा तुमच्याएवढा मोठा नाही. मागच्या महिन्यात एका दुकानाचे हिशेब सांभाळण्याच्या कामाचे पैसे मिळाले आणि त्यातून घराचे वीजबिल पहिल्यांदा मी भरले. आईने ती पावती तिच्या महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत जपून ठेवली. त्या दिवसापासून मीही हाच विचार करतो आहे की अशा गोष्टींची नोंद कशी ठेवावी.

बाईंच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक वेगळा मुद्दा मांडतो. आमच्या घरात समाजाचे ऋण ही भाषा लहानपणापासून ऐकली आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा माझे पणजोबा त्या मैदानावर होते आणि आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दीक्षाभूमीवर जातो. तिथे दरवर्षी पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी असते, तिच्यात कपड्यालत्त्यावर काटकसर करणारी माणसेही पुस्तके विकत घेताना दिसतात. मी ज्या अभ्यासिकेत बसतो, तिथली बरीचशी पुस्तके आधीच्या मुलांनी नोकरी लागल्यावर आणून ठेवलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना मी ओळखत नाही, म्हणून त्यांचे आभार मानायला मी कुठे जाणार? मला ते पुढच्या मुलांकडेच पोहोचवावे लागतील. काकाजींना भेटाच, पण त्यांनी जे केले ते तुम्ही दुसऱ्या कोणासाठी करू शकाल का, याचाही विचार करावा, असे मला वाटते. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीला उद्या जामीन मिळत नसेल, तर तुम्ही उभ्या राहाल का?

उत्तर ४: निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर

इंदोऱ्याच्या मित्राची भावना मोलाची आहे, तरीही कलम 128 पुन्हा डोळ्यांसमोर ठेवूनच मी यावर लिहितो. कृतज्ञतेच्या भरात कोणीही लगेच जामीन राहू नये. जी रक्कम वेळ आल्यास स्वतः भरता येईल आणि तिच्यापायी आपले घर कोलमडणार नाही, तेवढ्याच रकमेची हमी घ्यावी. ताईंनी आत्ताच एका कर्जातून मोकळा श्वास घेतला आहे. आधी काही महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक बाजूला पडू द्यावी.

दरम्यान, ज्याला पैसा लागत नाही असे पुष्कळ करता येते. शैक्षणिक कर्जासाठी कोणती कागदपत्रे लागतात, शिक्षणाच्या काळात व्याज कसे साचत जाते, हप्ते सुरू होण्यापूर्वी नुसते व्याज भरत राहिल्यास पुढचा भार किती हलका होतो, हे खेड्यातून येणाऱ्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही. तुम्ही ते स्वतः पार केले आहे. गावाकडच्या बारावीच्या मुलांसमोर एक दुपार बसून हे सांगितलेत, तर अनेक पालक कर्जाच्या कागदावर डोळे मिटून सही करणार नाहीत.

प्रश्नकर्ती: काटोलची लेक, मनीषनगर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. काकूंचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता आणि तो मला सर्वांत जवळचा वाटला. बाबांशी रात्री फोनवर बोलले. पाकिटाचा विषय त्यांनी सोडला. बागेतल्या कोणत्या झाडांची फळे काकाजींसाठी राखायची, हे त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली. काकाजी ज्या शाळेतून निवृत्त झाले, तिथल्याच मुलांसमोर कर्जाविषयी बोलता आले तर बरे, असे मला वाटते; बारावीचे वर्ग तिथे नाहीत, पण मोठी भावंडे आणि पालक येऊ शकतील. काकाजींनाच विचारीन.

सोमवारी अर्धी सुटी घेऊन शाखेत जाणार आहे. एक शेवटची शंका आहे: हमी संपल्याच्या पत्रासाठी काकाजींना काटोलहून नागपूरला यावे लागेल का? त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे शक्यतो त्यांना प्रवास घडू नये.

उत्तर ५: निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर

साधारणपणे यावे लागत नाही. खाते बंद करण्याचा अर्ज कर्जदाराने द्यायचा असतो आणि तो तुमच्या सहीने चालतो. फक्त अर्जातच जामीनदाराच्या मुक्ततेच्या पत्राची स्वतंत्र मागणी लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका. शाखेने काकाजींचीही सही हवी असे सांगितलेच, तर त्यांच्या सहीचे पत्र तुम्ही नेऊन दिले तर चालेल का, असे तिथेच विचारून घ्या. पत्राच्या दोन मूळ प्रती मिळाल्या तर उत्तम. एक त्यांच्याजवळ राहू द्या आणि एक तुमच्या कागदांत ठेवा.