बेल्जियमची गडद, कडक एल: सहा बाटल्यांत काय काय मागवावं?

पाऊसवाट (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा मावसभाऊ शिकायला लूव्हेनला आहे. दिवाळीला घरी येतोय आणि "ताई, तुला काय आणू?" म्हणून सारखा विचारतोय. चॉकलेटं तो आणेलच. मला तिथली गडद, स्ट्राँग एल (लागर थंडाव्यात आंबवतात, एल उबेत) चाखायची फार दिवसांची इच्छा आहे.

माझी बिअरची ओळख एवढीच: नेहमीची लागर, इकडच्या मायक्रोब्रुअरींतली व्हीट बिअर, आणि थंडीत कधीतरी स्टाउट. स्टाउट आवडते. व्हीट बिअरमधला धण्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास तर खूपच आवडतो. फार कडू चालत नाही.

चाखायला चौघं असू: मी, नवरा, नणंद आणि तिचे मिस्टर. त्याने कुठल्या बाटल्या आणाव्यात, किती आणता येतात, आणि इथे आल्यावर त्या कशा प्यायच्या, नीट सांगाल का? सोबत खायला काय करू तेही सुचवा. आणल्या आणि नेहमीच्या बिअरसारख्या ढोसल्या, असं व्हायला नको.

डेक्कनचा_कट्टा

आधी किती ते. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू कस्टम ड्यूटी न भरता आणता येते, त्यात बिअरही धरतात. तिकडच्या बहुतेक बाटल्या ३३० मिलीच्या. सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, अगदी बसतं. चेक-इनच्या बॅगेतच ठेवायला सांगा, हँडबॅगेतून सिक्युरिटीवाले सोडणार नाहीत. एकेक बाटली जाड मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. काच जड असते, सगळं मिळून साडेतीन-चार किलो धरून चाला. आणि तुमच्याकडे पिण्याचा परवाना नसेल तर तो काढून ठेवा, महाराष्ट्रात लागतो.

सातूचं_पीठ (सदाशिव पेठ)

पाऊसवाट ताई, सहा वेगवेगळ्या बाटल्या मागवू नका. तीनच प्रकार, प्रत्येकी दोन. प्रत्येकातली एक दिवाळीत, दुसरी पुढे कधीतरी निवांत. पहिल्या खेपेला जीभ बावरलेली असते, खरी चव दुसऱ्या खेपेला कळते.

माझे तीन:

वेस्टमाले डुबेल, ७%. अँटवर्पजवळच्या मठातली. तिथे गडद बिअर १८५६ पासून करतात आणि आज जगभर जिला डुबेल म्हणतात तिचा वस्तुपाठ हीच. तपकिरी, लालसर झाक, थोडं केळं, थोडे मनुके, शेवट कोरडा. सुरुवात हिच्यापासून.

शिमे ब्लू, ९%. मुळात नाताळची खास बिअर होती, आता बारा महिने मिळते. डुबेलपेक्षा भरदार, मिरी-लवंगेकडे झुकणारा मसालेदारपणा.

रोशफोर १०, ११.३%. माझी सगळ्यात लाडकी. बाटलीवरचा १० म्हणजे अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्याआधी रस किती दाट आहे ते मोजायची जुनी बेल्जियन पद्धत होती, त्यातला तो आकडा. त्यांचीच ६ आहे ७.५% ची आणि ८ आहे ९.२% ची. या बिअरमध्ये थोडे धणेही पडतात, म्हणजे तुमच्या आवडीचा धागा इथेही सापडेल. मात्र व्हीट बिअरसारखे ते पुढे येत नाहीत, नाक लावून शोधावे लागतात.

तिन्ही ट्रॅपिस्ट आहेत. म्हणजे मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली होतात आणि नफा मठाच्या खर्चाला व दानधर्माला जातो. बाटलीवर षटकोनी शिक्का असतो, तो बघून घ्यायला सांगा.

तुम्हाला स्टाउट आवडते म्हणून एक आधीच सांगतो. रंग बघून स्टाउटची अपेक्षा धरू नका. स्टाउटचा काळेपणा करपवलेल्या सातूचा, म्हणून तिला कॉफीसारखा कडूपणा असतो. इथला गडदपणा मुख्यतः आटवून काळी केलेली साखर आणि खास भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) यांतून येतो. ही कँडी साखर बिटाची असते, पण वासाने आपल्या काकवीच्या जवळ जाते. गंमत अशी की साखर इतकी घालूनही बिअर गोडमिट्ट होत नाही, कारण यीस्ट ती साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. अल्कोहोल वाढतं, तरी बिअर जिभेला हलकी राहते. खजूर, अंजीर, केळं, लवंग हे जे वास येतात त्यांतलं बाहेरून काही घातलेलं नसतं. केळं-लवंग ही उबेत, विशीच्या वरच्या तापमानाला काम करणाऱ्या बेल्जियन यीस्टची करणी; खजूर-अंजिरात त्या काळ्या साखरेचा आणि माल्टचाही वाटा. बेल्जियन बिअरचा आत्मा विचाराल तर यीस्ट.

एकारान्त

सातूचं_पीठ यांच्याशी निम्मा सहमत. तीन प्रकार ठीक, पण शिमेच्या जागी सिंट बर्नार्डस आब्त १२ घ्या. १०% ची, वाटू गावातली. ही ट्रॅपिस्ट नाही, पण इतिहास ऐका: १९४६ ते १९९२ या काळात याच ब्रुअरीकडे वेस्टफ्लेटरेनच्या मठाच्या बिअरचा परवाना होता. रोशफोरपेक्षा मऊ आणि गोल. पहिल्यांदा पिणाऱ्याला पटकन आवडते असा माझा अनुभव आहे. शिमे मला अलीकडे जरा टोकेरी लागते.

पाऊसवाट

बापरे, किती छान माहिती! एकारान्त, तुम्ही वेस्टफ्लेटरेनचं नाव काढलंत. भाऊ म्हणत होता की तीच जगातली सगळ्यात भारी म्हणतात. मग तीच का आणू नये? आणि दुसरं, दिवाळीपर्यंत जरा अंदाज यावा म्हणून पुण्यात असं काही प्यायला मिळेल का?

एकारान्त

वेस्टफ्लेटरेन १२ अप्रतिमच आहे, १०.२% ची. पण मठ ती मोजकीच करतो. आधी नोंदणी करायची आणि ठरल्या वेळी मठात जाऊन क्रेट उचलायचं, अशी जुनी पद्धत. २०१९ पासून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. दुकानांत दिसते ती बहुधा कुणीतरी मठातून उचलून परत विकलेली, दामदुप्पट किमतीची, आणि भिक्षूंना हा व्यापार मुळीच पसंत नाही. विद्यार्थी मुलाला कशाला त्या खर्चात पाडता? आब्त १२ त्याच घराण्यातली आहे आणि सुपरमार्केटातही मिळून जाते.

हडपसरी

पुण्यातलं मी सांगतो. आपलं शहर या बाबतीत भाग्यवान आहे. २००९ मध्ये डूलालीने इथेच सुरुवात केली तेव्हा देशात ब्रुअरी-पब ही गोष्ट नवीच होती. पुढे मुंढव्याची इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी मंडळी आली. फलकावरच्या बिअर सतत बदलत असतात, तेव्हा अमुक ठिकाणी गडद बेल्जियन हमखास मिळेलच असं कुणी सांगितलं तरी आधी फोन करून विचारा. डुबेल किंवा बेल्जियन डार्क असं काही लागलं असेल तर सोडू नका.

नसेल तर दोन छोटे टेस्टर मागवा, एक बेल्जियन विट (म्हणजे तुमच्या आवडीची धणे-संत्र्याची व्हीट बिअर) आणि एक पोर्टर किंवा स्टाउट. दोन्ही शेजारी ठेवून आधी नुसता वास घ्या. विटमधला धणे-संत्र्याचा वास बाहेरून घातलेला, त्यामागचा लवंगेचा भाग यीस्टचा आणि पोर्टरमधला भाजका भाग माल्टचा, एवढं वेगळं ओळखता आलं की दिवाळीची अर्धी तयारी झाली. काउंटरवरच्या मुलांना विचारा, ती हौसेनं सांगतात.

बाटलीबंद देशी स्ट्राँग बिअर पिऊन अंदाज घेऊ नका. तिथे स्ट्राँग म्हणजे फक्त अल्कोहोल. ती लागर असते, बर्फगार प्यायची, चवीशी तिचा फार संबंध नसतो.

सातूचं_पीठ

आता प्यायचं कसं ते लिहितो. याबाबतीत मी आग्रही आहे.

आधी मात्रा. ३३० मिलीच्या रोशफोर १० मध्ये निव्वळ अल्कोहोल साधारण ३७ मिली. ४२.८% व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे १३ मिली. त्या एका छोट्या बाटलीत जवळजवळ तीन स्मॉल पेग आहेत. ५% ची माइल्ड बिअरची ६५० मिलीची मोठी बाटली घेतली तरी तिच्यात ३२-३३ मिलीच भरतं. म्हणून एक बाटली चौघांत. प्रत्येकाच्या वाट्याला ८० मिली येते आणि ती पुरते. तिन्ही प्रकारांची एकेक बाटली चौघांत वाटलीत तर दरडोई दोन स्मॉल पेगांपेक्षा थोडं कमीच होईल. तरीही गाडी कुणी चालवायची नाही. नणंदबाई आणि मिस्टर रिक्षाने येऊ देत, नाहीतर मुक्कामालाच बोलवा, दिवाळीच आहे.

मग तापमान. चवीचा सगळा खेळ इथे आहे. बर्फगार प्यायलात तर काळा, गोडसर सोडा लागेल आणि बेल्जियमहून आणल्याचं सार्थक होणार नाही. १० ते १४ अंश हवं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात. बिअरचे मग नकोत, स्टीलचे पेले तर नकोतच. वाइनचा पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता ग्लास सगळ्यांत चांगला. तिसरा हिस्साच भरा, वर वासाला जागा राहू द्या. ग्लास आधी साध्या पाण्याने विसळा. भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, कारण भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालून बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली असते. बुडबुडे त्यातूनच येतात. म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, ग्लास तिरपा धरून चारही ग्लासांत एका दमात, न थांबता ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. मध्ये बाटली सरळ केलीत की गाळ उसळतो आणि चौथ्याचा ग्लास गढूळ होतो.

ओतल्यावर काय होतं ते सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. रोशफोर ग्लासात काळपट दिसते, पण दिव्यासमोर धरा, कडेला गर्द डाळिंबी दिसेल. फेस बदामी, जाड, काचेला चिकटून खाली उतरतो. पहिला वास खजुराचा आणि किंचित दारूचा, नाकाला उष्ण. पहिला घोट छोटा घ्या आणि जिभेवर फिरवा. आधी गोडवा, मग भरपूर बारीक बुडबुडे तो गोडवा उचलून नेतात, मागे उरतो कोको आणि हलका कडवटपणा. गिळल्यावर छातीत ऊब उतरते. मग ग्लास ठेवून द्या, गप्पा मारा. दहा मिनिटांनी परत नाक घाला. आता अंजीर, लवंग, चामड्यासारखा एक जुना वास वर आलेला असेल आणि दारूचा उग्रपणा मागे सरलेला असेल. त्याच ग्लासात दुसरीच बिअर मिळते. घाईने पिणाऱ्याला ती भेटतच नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

क्रम ७, ९, ११.३ असाच. उलटा केलात तर डुबेल पाण्यासारखी लागेल.

एकारान्त

गाळाबद्दल मतभेद नोंदवतो. शेवटचं बोटभर मी फेकत नाही, वेगळ्या छोट्या पेल्यात पितो. पावाच्या पिठासारखी दाट चव असते, वाईट नाही. मात्र पोट नाजूक असेल त्यांनी नको.

खमंग_फोडणी

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! ताई, दिवाळीच्या फराळातला लसणीचा झणझणीत चिवडा आणि तिखट शेव त्या दिवशी डब्यातच राहू द्या. अल्कोहोल तिखटाला आणखी चढवतं, तोंडाची आग होते आणि बिअरही कडू लागते. लिंबू पिळलेलं काही नको.

भाकरवडी मात्र अगदी जमते. तिच्यातला खसखस-खोबऱ्याचा, आंबट-गोड मसाला डुबेलबरोबर उत्तम. शिमे किंवा आब्तबरोबर कॅम्पातल्या डोराबजींकडून जुनं मुरलेलं चेडर आणा आणि शेजारी अक्रोड. मटण खात असाल तर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, काळ्या मसाल्याचं सुकं, तिखट हात आखडूनच. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि या बिअरचा माल्ट अगदी एका सुरात येतात. शाकाहारी असाल तर त्याच वाटणातलं भरलं वांगं, गूळ घालून.

रोशफोरबरोबर जेवण नको. ती शेवटी, ७०% डार्क चॉकलेटच्या तुकड्याबरोबर. भाऊ आणणारच आहे, त्याला मिल्क चॉकलेट आणू नको म्हणून सांगा. चॉकलेट नसेल तर कयानीची श्रूजबेरी बिस्किटं.

पाऊसवाट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! भावाला यादी पाठवली: वेस्टमाले डुबेल दोन, रोशफोर १० दोन, शिमे ब्लू एक, आब्त १२ एक. शिमे आणि आब्त शेजारी-शेजारी चाखून तुमच्या दोघांचा वाद आमच्यापुरता निकालात काढू. मटण सासूबाईंच्या हातचं सुकं ठरलं, तिखट कमी घालायला त्या तयार झाल्यात.

शेवटचा प्रश्न. उरलेली डुबेल आणि रोशफोर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतील का? आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, एप्रिल-मेमध्ये भट्टी होते.

सातूचं_पीठ

रोशफोर टिकेल, नुसती टिकणार नाही, मुरेल. बाटलीत यीस्ट जिवंत असतं आणि अल्कोहोल भरपूर, त्यामुळे वर्षभरात दारूचा उग्रपणा मऊ होतो आणि शेरीसारखा, मनुक्यांचा भाग वाढतो. पण हे थंड तळघराचं गणित आहे. चाळिशी गाठणाऱ्या पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलीत तर मे महिन्यात ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरेल. फ्रिजच्या दारात नको, तिथे सारखी हलते. मागच्या कोपऱ्यात, उभी, कागदात गुंडाळून ठेवा. फ्रिजमध्ये मुरणं सावकाश होतं, पण बिघडत नाही.

डुबेल इतकी ठेवू नका. ७% ची बिअर ताजीच छान. संक्रांतीच्या आसपास, गारठा असताना उघडा. गुळाची पोळी आणि वर तूप, सोबत डुबेल. एकदा करून बघाच.