न्यूयॉर्क मेट्स (बेसबॉल): सहा सामने उरले. देव पाण्यात घालायचे की टीव्ही बंद करायचा?

क्वीन्सवाला (22 सप्टेंबर 2025)

काल घरच्या मैदानावर नॅशनल्सकडून 3-2 हरलो आणि तिसरं वाइल्ड कार्ड (गट न जिंकणाऱ्यांसाठीची बाद फेरीतली शेवटची जागा) हातातून निसटलं. आता मेट्स 80-76 (विजय-पराभव), सिनसिनाटी रेड्सही 80-76, ऍरिझोना 79-77. आज सुट्टी. उद्यापासून शिकागोत कब्ज (Cubs) संघाशी तीन, मग मायामीत मार्लिन्सशी तीन सामने. रविवारी 28 ला खेळ खल्लास.

माझं मत: आशा सोडण्याचं कारण नाही. लिंडोर, सोटो, अलोन्सो अशी फळी आहे, सोटोने होम रनची चाळिशी ओलांडली आहे. 2024 मध्ये हाच संघ 22-33 वरून 89-73 वर गेला होता, तेव्हा तर कुणी विचारतही नव्हतं. आणि काल हरलो ते कसे? नॅशनल्सच्या जेकब यंगने सेंटर फील्डमध्ये ग्लोव्हमधून सुटलेला चेंडू पायाने उडवून झेलला, वर नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आपल्या अल्वारेझचा जाणारा होम रन भिंतीवरून काढला. असं रोज घडत नसतं.

आकडेमोड

घडत नसतं, मान्य. पण "बरोबरीत आहोत" हे डोक्यातून काढा. बरोबरी दिसायला आहे, प्रत्यक्षात आपण मागे आहोत.

2022 पासून 163 वा सामना (162 नंतर बरोबरी फोडणारा जादा सामना) बंद झाला. विजय समान झाले की आधी आपसातले सामने बघतात. रेड्सशी यंदा सहा खेळलो, चार हरलो. म्हणजे रेड्सच्या बरोबरीने संपवून चालणार नाही, एक विजय जास्तच हवा. उरलेले सहाच्या सहा जिंकून 86 झाले आणि रेड्सनेही सहा जिंकले, तरी बाहेर.

बाद होण्याचा आकडा काढायची रीत: 163 मधून समोरच्याचे विजय आणि आपले पराभव वजा करा. 163 - 80 - 76 = 7. टायब्रेक (आपसातली सरशी) त्यांच्याकडे, म्हणून आणखी 1 वजा. उरले 6. रेड्सचे विजय आणि आपले पराभव मिळून सहा झाले की दुकान बंद. आपल्याला आत जायला मात्र आपले विजय आणि त्यांचे पराभव मिळून सात लागतात.

दोन्ही संघांचा प्रत्येक सामना नाणेफेक धरला, तर बारापैकी किमान सात निकाल आपल्या बाजूने पडण्याची शक्यता 39 टक्के. टायब्रेक आपल्याकडे असता तर सहा निकाल पुरले असते आणि हीच शक्यता 61 टक्के झाली असती. हे ऍरिझोना बाजूला ठेवून. ते धरले की आणखी खाली.

फुलटॉस

आयपीएलवाल्यांसाठी: इथे नेट रनरेट वगैरे काही नाही. 12-0 ने जिंका नाहीतर 1-0 ने, सारखंच. त्यामुळे "कब्जना मोठ्या फरकाने हरवलं तर" असल्या गणितात वेळ घालवू नका.

क्वीन्सवाला

39 टक्के म्हणजे पाचात दोनदा. एवढ्यावर टीव्ही बंद करायचा? शिवाय नाणेफेक कसली, समोर कोण आहे तेही बघा. रेड्सना आधी पायरेट्स आहेत. तो संघ तळाला असला तरी पॉल स्कीन्ससारखा पिचर त्यांच्याकडे आहे, आणि तो त्या मालिकेत टाकेल असा रंग आहे. मग शेवटचे तीन मिलवॉकीत ब्रुअर्सशी, त्यांच्या मैदानावर. रेड्स 3-3 च्या पुढे जातील असं मला वाटत नाही. आपण 4-2 केलं की झालं.

बुलपेनचा कारकून

4-2 करणार कुणाच्या हाताने? तुमची अख्खी यादी फलंदाजांची आहे. दुखणं पिचिंगचं आहे आणि ते आजचं नाही.

12 जूनला मेट्स 45-24 होते, लीगमध्ये सगळ्यांत पुढे. त्यानंतर 35-52. त्याच दिवशी, नॅशनल्सविरुद्धच, आपला पिचर कोडाई सेंगा पहिल्या बेसवर धावून जाताना हॅमस्ट्रिंग धरून बसला. तेव्हा त्याचा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) 1.47 होता. परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. आज तो सिराक्यूजला ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये आहे. त्यानंतर कॅनिंगची अकिलीज (टाचेची शीर) गेली, मेगिल आणि मोंटास जायबंदी. सगळे पिचरच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकट्या पीटरसनखेरीज मेट्सच्या एकाही स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) सहा डाव पूर्ण केले नाहीत.

याची किंमत मोजू. स्टार्टर चार डावांत गेला तर बुलपेनला (बदली पिचरांच्या ताफ्याला) रोज 15 आउट काढावे लागतात. सहा डाव टाकले तर 9. सहा सामन्यांत फरक पडतो 36 आउटचा, म्हणजे बारा डाव. एका अख्ख्या सामन्याहून जास्त पिचिंग त्याच दमलेल्या खांद्यांवर. सप्टेंबरात रोस्टर (संघाची यादी) 26 चं 28 होतं खरं, पण पिचर 14 च्या वर ठेवता येत नाहीत. आणि रिलीव्हरला (बदली पिचरला) किमान तीन बॅटर खेळावेच लागतात (डाव संपला तर सुटका), त्यामुळे एकेका बॅटरपुरता डावखुरा आणून वेळ मारून नेता येत नाही.

खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीआधी पिचर रायन हेल्सलीला आणला तो आठवा डाव बांधायला. तोच डाव सगळ्यांत जास्त गळतोय.

सलामीवीर

कारकून, चित्र अर्धवट आहे. नव्या पिचर पोरांचं काय? मॅक्लीनने ऑगस्टात पदार्पण करून पहिले चारही स्टार्ट जिंकले. टाँग, स्प्रोट आले. तिघंही 31 ऑगस्टपूर्वीच संघटनेत असल्याने पोस्टसीझनलाही (बाद फेरीलाही) चालतात. शिवाय धावफरक बघा: मेट्सचा अधिक आहे. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, या सूत्राने आत्ता काही विजय जास्त असायला हवे होते. इतका चांगला संघ कायम दुर्दैवी राहत नाही.

बुलपेनचा कारकून

मॅक्लीन सहा सामन्यांत एकदाच टाकेल, बहुधा गुरुवारी. म्हणजे रविवारी तो नाहीच. टाँगने 12 तारखेला रेंजर्सविरुद्ध दोन आउट काढेपर्यंत सहा धावा दिल्या. पुढच्या खेपेला सावरला, हेही खरं. पण मोसमाचा निकाल तीन नवख्यांच्या खांद्यावर टाकायचा, याला नियोजन म्हणत नाहीत.

आणि ते विजय दुर्दैवाने गेलेले नाहीत. यंदा आठ डावांनंतर मागे असताना मेट्सने एकही सामना जिंकलेला नाही. एकही! 12-6 ने जिंकायचं आणि लगेच 5-3, 3-2 हरायचं. धावफरक फुगतो, विजय वाढत नाहीत. शुक्रवार ते रविवार नेमकं हेच झालं.

आकडेमोड

इथे थोडा असहमत. नवव्यात उलटवता न येणं हे बऱ्याच अंशी नशीबच. समोर दुसऱ्या संघाचा सर्वोत्तम रिलीव्हर असतो आणि हातात तीनच आउट. सगळेच संघ असे सामने बहुतेक हरतात. पण शून्य हा आकडा बोचतो खरा.

मायामीची धास्ती

2007: सतरा सामने उरले असताना मेट्सची सातची आघाडी, मग 5-12, आणि शेवटच्या दिवशी आपल्या ग्लॅव्हिनने एकच आउट काढून सात धावा दिल्या. 2008: परत शेवटच्या दिवशी बाहेर. दोन्ही वेळा समोर मार्लिन्स. यंदाही शेवट त्यांच्याशीच, आणि आत्ता ते फॉर्मात आहेत. बाकी चालू द्या.

क्वीन्सवाला

त्यातला एकही खेळाडू आज मैदानात नाही, ना इकडे ना तिकडे. शाप-बिप काढायचे तर टायब्रेकचा काढा: 2022 ला ब्रेव्हज आणि आपण दोघंही 101-61, आपसात ते 10-9, डिव्हिजन (गटाचं विजेतेपद) त्यांना. तेव्हाही शेवटच्या आठवड्यात अटलांटात तीनपैकी एक जिंकला असता तरी पुरलं असतं. एक सामना केवढ्याला पडतो ते या संघाला ठाऊक आहे.

चौथा बेस

शनिवार-रविवारी धडधड करून घेणाऱ्यांसाठी: शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच सुमारास, न्यूयॉर्कच्या दुपारी तीनच्या आसपास सुरू होतात. रेड्सचा निकाल आधी कळून मग मेट्सने पिचर वाचवायचा, ही सोय नाही. भारतातून बघणाऱ्यांना तो मध्यरात्रीनंतर. उद्याचा कब्जचा सामना बुधवारी पहाटे पाच-सव्वापाचला.

आत गेलो तरी सहाव्या क्रमांकावर. तीनची मालिका, तिन्ही सामने समोरच्याच्या घरी, बहुधा डॉजर्सच्या. मंगळवारी 30 ला सुरू. 

सलामीवीर

ते नंतर बघू. उद्याचं बोला. पीटरसन टाकेल असं धरू. गेले काही आठवडे तो पहिल्या डावातच चाचपडतोय. पाचव्यात वरची फळी तिसऱ्यांदा आली तर मॅनेजर मेंडोझाने त्याला ठेवावं का?

बुलपेनचा कारकून

मुळीच नाही. तिसऱ्या फेरीत बॅटरने सगळं बघितलेलं असतं. आज सुट्टी झाल्याने बुलपेन एका दिवसाने का होईना ताजं आहे, ते उद्याच वापरा. आणि आघाडी असेल, आठव्यात समोर मधली फळी असेल, तर शेवटचा डाव टाकणाऱ्या डियाझला नवव्यासाठी झाकून ठेवू नका. चार-पाच आउट त्याच्याकडून घ्या. नववा डाव खालच्या फळीसमोर राइन स्टॅनेक किंवा टायलर रॉजर्सही काढू शकतो.

क्वीन्सवाला

आणि बुधवारी डियाझ मिळाला नाही तर?

बुलपेनचा कारकून

तर बुधवारी टाँगने सहा डाव टाकावेत.

फुलटॉस

म्हणजे देव पाण्यातच.