मदत हवी आहे : मानेच्या दुखापतीची (व्हिपलॅश) भरपाई कशी ठरते?

नमस्कार मंडळी. विक्रोळीजवळ हायवेवर सिग्नलला आमची रिक्षा उभी असताना मागून कार धडकली. बायकोच्या मानेला जोराचा झटका बसला. हाड मोडलेलं नाही, पण कॉलर, फिजिओथेरपी आणि गोळ्या अजून चालूच आहेत. ती घरी ब्लाउज शिवते. मान खाली घालून अर्धा तासही बसवत नाही तिला, फार वाईट वाटतं बघून. एफआयआर झाला आहे.

आता कारच्या विमा कंपनीचा माणूस ठराविक रक्कम घेऊन सही करा म्हणतोय. इंग्लंडमध्ये 2021 पासून दुखणं किती महिने टिकलं त्यावर ठरलेला तक्ता आहे. आपल्याकडे मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरण उपचारखर्च, बुडालेली कमाई, वेदना हे वेगवेगळं धरतं. कायमचं अपंगत्व राहिलं तर वयाचा गुणकही लागतो (म्हणजे वर्षाच्या बुडणाऱ्या कमाईला ज्या आकड्याने गुणतात तो), तिच्या 38 वयाला 15. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार खटल्यात सांगितलंय की अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. शिवणकाम करणारीला हे फार महत्त्वाचं.

अडचण पुराव्याची आहे. पगाराची स्लिप नाही, गिऱ्हाईकं रोख देतात. मापांची वही आणि गूगल पेच्या नोंदी चालतात का? मानेच्या दुखण्याचा अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून कोणी काढलाय का? उपचार संपायच्या आत सही करू नये असं मला वाटतं. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.