'पूररेषा' : थरारपटाच्या सुरुवातीची नामावली देवनागरीत कशी बसवावी?

गोदाकाठ_२२
मंडळी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी १४ मिनिटांचा थरारपट करतोय. गोदेला पूर आलाय, पंचवटीतला जुना वाडा, एकच रात्र. नाव 'पूररेषा'. नामावलीला ४५ सेकंद आहेत आणि ९ नावं. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आलं यावरून नाशिककर पूर मोजतात, तसं पाणी शीर्षकाच्या अक्षरांवर चढावं अशी कल्पना आहे.

अडचणी अशा : आफ्टर इफेक्ट्समध्ये (अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) 'दिग्दर्शन' टाइप केलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि रफार सुटा पडतो. इंग्रजी थ्रिलरसारखी अक्षरं लांब लांब ठेवली की शिरोरेषेचे तुकडे होतात. आणि टीममधल्या निम्म्यांना रक्त ठिबकणारा फॉन्ट हवाय!

आडवी_मात्रा
रक्ताचा फॉन्ट पहिला बाद करा. पुढे काय होणार ते तो पहिल्याच सेकंदाला सांगून टाकतो.

वेलांटीचं : प्रेफरन्सेस → टाइपमध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, मजकूर नव्या लेअरवर टाका. मजकूर युनिकोडच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला कॉपी केलात तर कुठलंही सेटिंग वाचवणार नाही.

अक्षरांतलं अंतर : ट्रॅकिंग शून्य ठेवा. देवनागरीत शब्दाला शिरोरेषा धरून ठेवते, ती तुटली की शब्द पाटीवरून निखळल्यासारखा दिसतो. ऐसपैसपणा हवा असेल तर तो शब्दाच्या आजूबाजूला ठेवा. मोकळ्या काळ्या पडद्यावर एक छोटं नाव भरपूर भीती घालतं.

शीर्षक मात्र फॉन्ट म्हणून हलवू नका, आकृती करून घ्या. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग अनग्रुप, मग 'युनियन'. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. युनियन न करता फेड दिलात की नेमक्या त्या जोडांवर उजळ ठिपके दिसतात. त्यानंतर शिरोरेषा कापून वेगळ्या लेअरवर ठेवा, म्हणजे ती आधी एकटी उमटवता येईल. रिकाम्या पडद्यावर नुसती आडवी रेघ. पाहणाऱ्याला आधी ती पाण्याची पातळीच वाटेल, मग तिच्याखाली अक्षरं लोंबू लागतील.

आणि तुमचा शब्द नशीबवान आहे. अक्षरांच्या तळाखाली उतरणारं चिन्ह एकच, 'पू'चा ऊकार. पाणी पहिल्यांदा त्याला लागेल. शिरोरेषेच्या वर जाणारी मात्राही एकच, 'रे'ची. पाणी शिरोरेषेवर चढलं की बुडणाऱ्याचा हात वर राहावा तशी ती एकटी उरेल. तिथेच कट करा, ती बुडवू नका.

फॉन्ट : शीर्षकाला खांड किंवा टेको, नावांना मुक्त मिडियम. तिन्ही मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. १०८० पिक्सेल उंचीच्या व्हिडिओत नावं ४६-४८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. देवनागरी त्याच मापात इंग्रजीपेक्षा लहान भासते. दोन ओळी असतील तर ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरचा ऊकार खालच्या मात्रेत घुसतो.

काचेची_टाकी
पाणी कॉम्प्युटरवर करू नका. मासे ठेवायची दोन फुटी टाकी घ्या. ३ मिमी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमधून शीर्षक लेझरवर कापून घ्या. युनियन केलेली फाइल इथेही लागते, नाहीतर मशीन प्रत्येक अक्षर वेगळं कापतं. 'रे'ची मात्रा आणि ऊकार जिथे चिकटतात तिथे किमान २ मिमी जाडी ठेवा, नाहीतर तुटतात.

टाकीच्या मागे काळं कापड, प्रकाश एका बाजूने, कॅमेऱ्यापुढेही काळं कापड. भोकातून फक्त लेन्स बाहेर. नाहीतर काचेत कॅमेरामनच दिसतो. पाणी वरून ओतू नका, पाइप तळाशी सोडून सायफनने भरा. नळाचं ताजं पाणी घेतलंत तर अक्षरांवर बुडबुडे चिकटतात, म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं वापरा.

सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१००, आणि नंतर २४वर संथ करा. लहान लाटा मोठ्या आणि जड वाटतात. १/१०० अशासाठी की आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, वेगळं शटर ठेवलं तर साधे एलईडी लुकलुकू शकतात.

अक्षरं पुढच्या काचेला टेकवलीत तर सरळ दिसतील. मागे सरकवलीत तर पाण्याखालचा भाग किंचित मोठा दिसतो आणि अक्षर पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखं वाटतं. मी मागेच ठेवीन.

गोदाकाठ_२२
टाकी मिळेल! मग ९ नावंही पाण्यातच घ्यावीत का?

आडवी_मात्रा
नको. नावं स्थिर, काळ्यावर. पाणी फक्त शीर्षकाला, नाहीतर दहाव्यांदा त्याची किंमत उरत नाही.

फेड_टू_ब्लॅक
हिशोब असा : सुरुवातीला ३ सेकंद काळं, शीर्षक ६ सेकंद, उरले ३६. म्हणजे प्रत्येक नावाला ४ सेकंद, ९६ फ्रेम : १२ फेड-इन, ७२ स्थिर, १२ फेड-आउट. दिग्दर्शक शेवटी.

१९२० × ८०४ची चौकट वापरत असाल तर वर-खाली १३८ पिक्सेलच्या पट्ट्या जातात. नावं उरलेल्या चौकटीच्या कडांपासून ५ टक्के आत ठेवा, पूर्ण पडद्याच्या मापाने नाही. शुद्ध पांढरा टाळा, ८५-९० टक्के उजळ राखाडी पुरतो. अंधाऱ्या हॉलमध्ये पांढरा डोळ्यांत घुसतो. काळ्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसले तर प्रोजेक्ट १६ बिटवर न्या आणि वर हलका ग्रेन टाका. टायटल्स वेगळी काढणार असाल तर प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, अल्फासकट (म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीसकट). अक्षरांभोवती काळी कडा आली तर अल्फा स्ट्रेट की प्रीमल्टिप्लाइड हे चुकीचं वाचलं गेलंय.

आणि 'सहाय्यक' लिहू नका. 'सहायक' किंवा 'साहाय्यक', दोनच बरोबर. 'ध्वनिमुद्रण'मध्ये नि ऱ्हस्व. कॉलेजच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवर, अर्धे दिवे चालू ठेवून एकदा पाहा. लॅपटॉपवर दिसणारी पाण्याची रेषा तिथे बहुधा गायब असेल. तसं झालं तर बाजूचा दिवा वाढवून पुन्हा शूट करा, ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड सुधारताना) खेचू नका.