मदत हवी आहे: लीगल एडवाल्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर

मंडळी, ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाच्या आसपास नागपुरात मोफत कायदा मदतीचं काम करणाऱ्या वकील अन् पॅरालीगल (वकील नसलेले, पण कायद्याच्या कामात मदत करणारे) लोकांसाठी शिबिर घ्यायचं आहे, पण भाषणांचं नाही बरं, जरा जिवाला आराम देणारं. दिवसभर पोक्सोच्या (म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या), घरगुती हिंसेच्या केसेस ऐकून घरी जेवण जात नाही, परवा आमची एक ताई फाइल उघडी ठेवून तासभर नुसतीच बसून होती.

सेमिनरी हिल्सकडे ५०-६० जणांचा, रॅम्पवाला शांत हॉल आहे का? बाहेरगावच्या बायांना रात्री स्टेशनवरून आणायचं कसं जमवता? छेडछाडीची तक्रार झालीच तर ऐकायला दोघीजणी नेमतोय, पुरे होईल का? अन् ट्रॉमा समजणारं कोणी समुपदेशक सुचवा, मोटिव्हेशनल स्पीकर नको भाऊ. सकाळचे तर्री पोहे तेवढे फिक्स आहेत, बाकी सगळं अडलंय.